कोपऱ्यावरच्यांचा पंप

"वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्यांनी गरम पाण्याला पंप बसवलाय."

"गरम पाण्याला कसला पंप? सोलरचं पाणी आपसूकच खाली येतं की."

"येतं हो, पण कधी! टाकी गच्चीवर, न्हाणीघर खाली पार मागच्या अंगाला. मधे वीस-बावीस मीटर पाईप. पाऊण इंची पाईपात मीटरमागे पाव लिटरहून जास्त पाणी साठतं. म्हणजे आधी सहाएक लिटर गार पाणी सोडा, मग कुठे गरम. लागोपाठ आंघोळी उरकल्या तर हे एकदाच करावं लागेल. पण त्यांच्याकडे काका पाचला, मुलगा आठला नि सूनबाई दहाला."

"दहाला? बाई गं! असो, आपल्याला काय करायचंय."

"तेच म्हणते मी. तर मुलाने परतीचा वेगळा पाईप टाकून घेतला. नळाशी आलेलं गार पाणी पंप फिरवून परत टाकीत ढकलतो, नळ उघडला की गरम हजर."

"मग झकासच की!"

"कसलं झकास! हौसेनं चोवीस तास चालू ठेवला. पंचवीस वॉटचा तो पंप, वीज दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त, तिचं काही नाही. पण रात्रभर कढत पाणी मागच्या भिंतीवरच्या उघड्या पाईपातून चकरा मारतंय. पहाटे काकांनी तांब्या अंगावर घेतला, तर दोनशे लिटरची अख्खी टाकी कोमट! सोलरवाल्याला फोनवर जे काही बोलले, ते मला इथवर ऐकू आलं."

"तरी म्हटलं, रात्री घूं घूं कसली येते."

"ती निराळीच गंमत. प्लंबरने पंप उभा बसवलेला. त्याचा दांडा आडवा लागतो, नाहीतर वर हवा अडकते नि बेअरिंग कोरडं पडतं. शिवाय परतीच्या पाईपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच नाही! पंप बंद असताना नळ सोडला की टाकीच्या तळाचं गार पाणी उलट्या वाटेने नळात. आता सगळं उचकटून पुन्हा."

"माझ्या भाचीने न्यू जर्सीला भिंत न फोडताच भागवलं. लांबच्या बेसिनखाली एक व्हॉल्व्ह आहे, तो गरमचा पाईप गारच्या पाईपाला जोडतो. पाणी पुरेसं तापलं की आपोआप मिटतो. फक्त गारचा नळ सोडला तरी आधी थोडं कोमट येतं, म्हणाली."

"शी, मला नाही चालायचं. मला विचाराल तर न्हाणीघराबाहेर एक बटण बास. टॉवेल शोधताना दाबायचं, गरम पाणी पोचलं की बंद."

"पण पाणी किती वाचलं हो त्यांचं?"

"वाचतंय कुठलं! सूनबाई ते गार पाणी बादलीत धरून गुलाबांना घालायच्या, थेंब वाया जात नव्हता. आता बागेला वेगळी नळी सोडावी लागते, काकू कालच पुटपुटत होत्या. वाचला तो वेळ, नि तोही काकांचा. रिटायर्ड माणसाला पहाटे पाचला कुठली गाडी गाठायचीय?"

"हळू बोला, काकू मागच्या दारातच उभ्या आहेत."

"असू द्या. बरं, उद्या प्लंबर त्यांच्या पाईपाला फोम चढवायला येतोय. दिसला तर अडवून ठेवा जरा, आमच्या मोरीचा नळ महिनाभर गळतोय."