पतंगाची ताबेदारी

मनुष्याने पतंग उडवावा, ही गोष्ट शास्त्रसंमत व लोकसंमत आहे. परंतु पतंगाने मनुष्यास ओढीत न्यावे आणि त्याकरिता मनुष्याने पदरचे द्रव्य खर्चावे, हा व्यवहार गोंदिया जंक्शनवर आमच्या गाठोड्याची चौकशी करणाऱ्या हमालास पटवून देणे मला साधले नाही. गाठोडे भाच्याचे होते. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पतंगाच्या बळावर लाटा तुडविणारे वीर पाहून त्याने दोन दोऱ्यांचा, दोन चौरस मीटरचा, कापडी कप्प्यांत वारा भरून फुगणारा एक पतंग पैदा केला होता. आणि समुद्र गोव्यात, पण मामा अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ही वस्तुस्थिती त्याच्या उत्साहाला बाधक ठरली नव्हती.

बल्लारशाच्या गाडीत त्याने मला इतिहास ऐकविला. सॅम्युअल कोडीने १९०३ साली पतंगाने ओढलेल्या नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली, हे मी आदरपूर्वक ऐकून घेतले. परंतु ब्रिस्टॉलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ साली पतंगाच्या गाडीचे पेटंट घेतले, आणि जकात घोड्यांच्या संख्येवर आकारली जात असल्याने नाकेदारांना त्याच्याकडून काय वसूल करावे ते कळेना, हे ऐकताच माझी भक्ती त्या मास्तराकडे वळली.

धान कापून गेल्यावर इकडच्या बांध्या दुरून सपाट मैदानासारख्या दिसतात खऱ्या, पण प्रत्येक बांधीला धुरा असतो, आणि ओढल्या जाणाऱ्या मनुष्यास उडी मारण्याची फुरसत नसते. नवेगावबांधचा जलाशय विस्तीर्ण. परंतु पाखरांच्या त्या राज्यात आकाशातून असला फडफडाट उतरविणे मला प्रशस्त वाटेना, आणि पुरुषभर उंचीच्या सारसांना मी मान देतो. अखेर वैशाखात आटलेल्या एका माजी मालगुजारी तलावाचे कोरडे पात्र मुक्रर झाले. त्याला सर्वत्र ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणून हक्क आपलाच, असे भाच्याचे म्हणणे पडले.

विजेच्या तारा जवळ नाहीत, दोऱ्या समान लांबीच्या आहेत, दांडा सोडताच पतंग निर्जीव होऊन पडावा यासाठी मनगटाला पट्टा आहे, एवढी तपासणी झाल्यावर त्याने पाळीवरच्या पोरांना सिद्धांत सांगितला: पतंग माथ्यावर किंवा कडेला असतो तोवर सौम्य, पण वाऱ्याच्या ऐन प्रवाहात उतरला की सर्व बळ तेथे, आणि वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट.

“चक्री कुठं आहे जी?” संक्रांतीत तयार झालेल्या एका पोराने विचारले. “अन् पेच कोणाशी लावता?”

वाराच नव्हता. डोंगर, वने आणि वैशाख यांनी संगनमत केले असावे. मी मोहाखाली बैठक मारली. पुष्कळ वेळाने एक झुळूक आली, पतंग फुगून उठला, आणि पुणेरी शिस्तीत वाढलेला माझा भाचा टाचा रुतवीत, धूळ उडवीत, दप्तरातून सुटलेल्या कागदासारखा तलावाच्या मध्याकडे निघाला. दांडा सोडण्याचा सिद्धांत त्याला बसल्यावर आठवला.

एक वृद्ध शेतकरी जवळ आला. “हे चिखलणी करते का जी?”

भाच्याने उत्साहाने आकडेमोड मांडली.

“बैल बरा,” वृद्ध म्हणाला, “थांब म्हनलं का थांबते.” मग पश्चिमेकडे चढणाऱ्या काळ्या ढगाकडे पाहून त्याने पतंग गुंडाळण्यास सांगितले. भाच्याने हिशेब पुरा होईपर्यंत मुदत मागितली. वादळाने अर्ज फेटाळला.