अंतिम सामन्याआधी भांडावं कसं : नवशिक्यांसाठी वऱ्हाडी मार्गदर्शिका

क्रिकेट पाहायला डोळे पुरतात. क्रिकेटवर भांडायला मात्र शिक्षण लागतं, आणि त्याची सोय सरकारनं अजून केलेली नाही. अमरावतीत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, अकोल्यात पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. पण ‘पंचाचे डोळे गेले काय बे’ हे वाक्य नेमक्या कोणत्या चेंडूला टाकावं, याचा अभ्यासक्रम दोन्हीकडे नाही. बदलीवर आलेले बँकवाले, वसतिगृहातले नवे विद्यार्थी आणि लग्न ठरल्यामुळे अचानक वऱ्हाडाशी नातं जडलेले पुण्या-मुंबईचे जावई यांची त्यामुळे फार कुचंबणा होते. त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमानं चढाव्यात. मधली पायरी गाळल्यास होणाऱ्या अपमानाला लेखक जबाबदार नाही.

पायरी 1 : जागा धरा

भांडणाची जागा म्हणजे पानठेला. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास शोधा, अकोल्यात टॉवर चौकाच्या अंगानं जा. ठेला लहान, टीव्ही त्याहून लहान, आणि बोलणाऱ्यांची संख्या दोन्हींत न मावणारी असली पाहिजे. घरातला मोठा टीव्ही या कामाचा नाही; तिथं उलट बोलणारं माणूस एकच असतं आणि त्याच्याशी जिंकता येत नाही.

टीव्हीसमोर उभं राहू नका, ते नवखेपणाचं लक्षण. ठेलेवाल्याच्या बाजूला उभे राहा. तो पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खर्रा घोटत असतो (बंदी आहे, घोटणंही आहे). घोटण्याचा आवाज थांबला की समजावं, गोलंदाज धावत निघाला. आवाज पुन्हा सुरू झाला म्हणजे काही झालं नाही. सुरूच झाला नाही म्हणजे झालं, आणि आता तुमच्या मताची गरज पडणार.

पहिल्या आठवड्यात मत देऊ नका. ‘हाव ना भौ’ एवढंच म्हणा. हे दोन्ही बाजूंना चालतं.

पायरी 2 : आधी पोट्टा निवडा, संघ नंतर

बाहेरचा माणूस इथे चुकतो. तो विचारतो, ‘तुम्ही कुठल्या टीमचे?’ वऱ्हाडात टीम नसते, पोट्टा (म्हणजे आपल्या गावचा पोरगा) असतो. जितेश शर्मा अमरावतीचा. अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. (दुसऱ्या नावावर हसू नका. हा आदित्य ठाकरे जलदगती गोलंदाज आहे आणि त्यानं प्रथम श्रेणी पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात केलं. इंदूर, 29 डिसेंबर 2017, समोर दिल्ली. ती रणजी विदर्भानं पहिल्यांदाच जिंकली.)

पोट्टा जिथं जाईल तिथं आपली निष्ठा जाते. जितेश पंजाबकडे होता तोवर अमरावती पंजाबची. बंगळूरूनं त्याला 11 कोटींना घेतलं त्या दिवसापासून अमरावती बंगळूरूची. 2025 च्या आयपीएलचा अंतिम सामना नेमका या दोघांतच झाला. एक घर जुनं, एक नवं. ‘पंजाब तर आपलीच होती’ असं त्या आठवड्यात म्हणणाऱ्याला चहा मिळाला नाही तर त्याचीच चूक.

पायरी 3 : शत्रूंचा क्रम पाठ करा

सगळ्यात जवळचा शत्रू पहिला. अमरावतीकरासाठी अकोला, अकोलेकरासाठी अमरावती. या दोन शहरांमधल्या महामार्गाचं 75 किलोमीटर डांबरीकरण जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. रस्ता कसोटी सामन्याइतक्या वेळात जोडला, मनं जोडायची निविदा अजून निघालेली नाही. समेट करायचाच असेल तर मूर्तिजापूर मध्ये पडतं.

विषय निवडीचा निघाला की अमरावती-अकोला एक होतात आणि नागपूरकडे बोट दाखवतात. ‘सप्पा नागपूरलेच’ (सगळं नागपूरलाच) हे वाक्य इथं वापरा. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, तसा फिरकी गोलंदाजांचा अनुशेष. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीनं 1984 च्या अहवालात तेवढा रकाना सोडला, अशी हळहळही व्यक्त करता येते.

आणि समोर मुंबई आली की नागपूरही आपलंच. 2024 ची रणजी विदर्भ वानखेडेवर 169 धावांनी हरला. पुढच्याच हंगामात नागपुरात उपांत्य फेरीत मुंबईला 80 धावांनी घरी पाठवलं. पहिला निकाल ‘पिच’मुळे लागला, दुसरा गुणवत्तेमुळे. यावर प्रश्न विचारू नये.

पायरी 4 : आरोप करायला शिका

आरोपाच्या चार इयत्ता आहेत. पहिलीत पंच आंधळा असतो. दुसरीत खेळपट्टी विकलेली असते. तिसरीत निवड समितीत कुणाचा तरी साळा असतो. चौथीत ‘सप्पा सेटिंग हाय’. नवशिक्यानं थेट चौथीत बसू नये. त्या वर्गाची वेगळी अडचण आहे, ती शेवटच्या पायरीवर सांगू.

आता सरावासाठी दोन खटले.

खटला पहिला : लखनौ, 27 मे 2025. समोर 228 चं लक्ष्य, बंगळूरूचा बदली कर्णधार जितेश 49 वर. लखनौच्या दिग्वेश राठीच्या चेंडूवर झेल उडाला, घेतला गेला. पण राठीच्या मागच्या पायानं बाजूची रेघ शिवली होती. नोबॉल. फ्री हिटवर षटकार. त्याच षटकात राठीनं चेंडू टाकता टाकता थांबून, गोलंदाजीच्या टोकाला क्रीज सोडून निघालेल्या जितेशच्या यष्ट्या उडवल्या. प्रकरण तिसऱ्या पंचाकडे गेलं, नाबाद ठरलं. आणि लखनौच्या ऋषभ पंतनं अपीलही मागे घेतलं. जितेशनं 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या आणि आठ चेंडू राखून सामना संपवला.

ठेल्यावर यावर म्हणायची वाक्यं : ‘पोट्ट्याले असं चोरून बाद करतेत काय? दम असन तर बोल्ड कर ना बे!’ हे म्हणताना आवाज चढलेला हवा आणि पुढचा मजकूर ठाऊक नसल्याचा अभिनय हवा. पुढचा मजकूर असा की असं बाद करण्यात चोरी काहीही नाही. ऑक्टोबर 2022 पासून क्रिकेटच्या नियमांनी हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात टाकला. डिसेंबर 1947 मध्ये सिडनीला विनू मांकडनी बिल ब्राऊनला असंच बाद केलं, तेव्हा बोंब झाली. पण समोरच्या संघाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन मांकडच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे ज्याची विकेट गेली त्याच्या कप्तानाला जे पटलं, ते आपल्याला राजकमल चौकात पटत नाही.

खटला दुसरा : अहमदाबाद, फेब्रुवारी 2025, केरळ विरुद्ध गुजरात, रणजी उपांत्य सामना. केरळ 457. गुजरातची शेवटची जोडी 455 पर्यंत आली. पहिल्या डावाची आघाडी ज्याची तो अंतिम फेरीत. नागवासवालानं जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. बाद. केरळ इतिहासात पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात. हेल्मेटवरून उडालेला झेल 2017 पासून नियमात बसतो. त्याआधी बसत नव्हता.

‘मंग ते डोक्यानं घेतलेली आघाडी झाली ना!’ असं केरळवर ओरडणं सोपं होतं, कारण अंतिम सामन्यात केरळची गाठ आपल्याशीच होती. ओरडणाऱ्यांना एक बारीक अडचण आली. तो चेंडू टाकणारा आदित्य सरवटे नागपूरचा. 2019 ची रणजी आपल्याला त्याच्याच फिरकीनं, अंतिम सामन्यातल्या 11 बळींनी मिळवून दिली होती. पण 2025 च्या या हंगामात तो केरळकडून खेळत होता. आणि आपल्याकडे त्या वेळी कोण? कर्नाटकातून आलेला करुण नायर. त्यानं अंतिम सामन्यात 86 आणि 135 केल्या आणि त्याला कुणी परका म्हटलं नाही.

पायरी 5 : नावांची अदलाबदल

ही पायरी परीक्षेला येते, पण ठेल्यावर कुणी शिकवत नाही. आरोप तोंडातून निघण्याआधी मनातल्या मनात दोन नावं बदलून पाहायची. राठीच्या जागी आदित्य ठाकरे ठेवा आणि जितेशच्या जागी मुंबईचा कुणी. आता तोच प्रसंग कसा दिसतो? ‘पोट्टा लय हुशार हाय, लक्ष होतं त्याचं.’ बघा, एका क्षणात बेइमानीचं चातुर्य झालं. रेघ तीच, यष्ट्या त्याच, फक्त आडनाव बदललं.

चाचणी झाल्यावर आरोप गिळून टाका, असं ही मार्गदर्शिका म्हणत नाही. तसं केलं तर संध्याकाळी करायचं काय? आरोप करावाच. पण आपण नियमासाठी भांडतोय की पोट्ट्यासाठी, हे स्वतःला ठाऊक असावं. ज्याला ते ठाऊक असतं त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी बसत नाही, आणि समोरच्यानं 2022 चं कलम काढलं तर तो ‘ते कलम बरोबर हाय, पन मले पटत नाई’ असं सन्मानानं म्हणू शकतो. या वाक्यापुढे अकोल्याचे वकीलही हात टेकतात.

पायरी 6 : अंदाज वर्तवणे

अंदाजाच्या बाबतीत वऱ्हाडी माणसाला बाहेरून शिकायची गरज नाही. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात धान्यांचा गोल घट आखतात, मधे घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजी. पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्रभर तिथं कुणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते पाहून पाऊस, पिकं आणि राजाचं भवितव्य सांगतात. शेतकरी ते ऐकतो, मान डोलावतो आणि पेरणी मात्र पाऊस पाहूनच करतो.

नवशिक्यानं भेंडवळकडून भाषा उचलावी. ‘बंगळूरू 20 धावांनी जिंकन’ असं कधी म्हणू नये; आकडा पकडला जातो. ‘सुरुवात जोरदार, मधल्या षटकांत खंड, शेवटी कुठं जास्त कुठं कमी, पण राजा कायम’ असं म्हणावं. राजा कोणता ते सामना संपल्यावर स्पष्ट करावं.

रणजीचा अंदाज त्याहून अवघड, कारण तिथं सामना अनिर्णित राहूनही चषक मिळतो. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या जामठ्याला असंच झालं. विदर्भ 379, केरळ 342, पहिल्या डावाची 37 धावांची आघाडी, पाचव्या दिवशी निकाल नाही, तिसरी रणजी आपली. म्हणून चौथ्या दिवशी अनुभवी माणूस शांतपणे सांगतो, ‘मॅच ड्रॉ होईन अन् आपन जिंकू.’ जावई हसतो. जावयाला हसू द्यावं. त्याच्याकडून चहा वसूल करायला चोवीस तास आहेत.

पैज फक्त चहाची लावा, फार तर गिला वड्याची. पैशाची लावली की तिला सट्टा म्हणतात, आणि त्यासाठी 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. तो इंग्रजांनी केला असला तरी अजून नाबाद आहे. चहा हरलेला माणूस उद्या पुन्हा भांडायला येतो. पैसे हरलेला येत नाही, त्याच्या घरचे त्याला शोधत येतात.

पायरी 7 : चौथी इयत्ता

आता ‘सप्पा सेटिंग हाय’ या वाक्याबद्दल. ते उच्चारताना एक अट पाळावी लागते : त्यानंतर अंदाज सांगायचा नाही. सगळं आधीच ठरलेलं आहे असं जो म्हणतो, त्यानं ‘उद्या आपनच जिंकू’ म्हणण्याचा हक्क गमावला. व्यवहारात ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, एकाच खर्ऱ्यात निघतात. नवशिक्यानं इथं टोकावं काय? टोकू नये. थांबावं आणि शेवटच्या षटकापर्यंत त्या माणसावर नजर ठेवावी.

3 जून 2025, अहमदाबाद. बंगळूरू 190, त्यात जितेशच्या दहा चेंडूंत 24. पंजाबला शेवटच्या षटकात 29 हवे. हेझलवूडचे पहिले दोन चेंडू कोरे. चार चेंडूंत 29. वाइड-नोबॉल सोडले तर हिशेब तिथंच संपला. मग शशांक सिंगनं षटकार, चौकार, षटकार, षटकार मारले आणि पंजाब सहा धावांनी हरलं. त्या संपलेल्या चार चेंडूंच्या वेळी सेटिंगवाला निघून गेला असेल, तर त्याचं म्हणणं खरं धरा आणि त्याच्याशी पुन्हा वाद घालू नका. मान उंच करून बघत उभा असेल, तर तो तुमच्यासारखाच आहे. पुढच्या अंतिम सामन्याला त्याच्या शेजारची जागा धरा, त्याच्या विरुद्ध अंदाज सांगा आणि चहा तुमच्या नावावर लिहू देऊ नका.