एका रात्रीचं संक्रमण शिबीर

जानेवारी 2020मध्ये मुख्यमंत्र्यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून आमच्या पाथरीला 100 कोटी जाहीर केले आणि शिर्डीनं बंद पुकारला. जन्म कुठला, हा वाद चालू राहो. मला बाबांमधला रहिवासी जास्त जवळचा वाटतो. माणूस अनेक दशकं शिर्डीच्या पडक्या मशिदीत राहिला; ना करारनामा, ना भाडेपावती, ना पात्रता यादीत नाव.

तरी दुरुस्ती झालीच. बाबा एक दिवसाआड चावडीत झोपायला जात. चांदोरकर-दीक्षित या भक्तमंडळींनी अशीच एक रात्र साधून मशिदीत फरशी घालून घेतली. सकाळी रहिवासी आपल्या जागी हजर! जिथून माणूस दुसऱ्याच दिवशी घरी परतला, असं संक्रमण शिबीर महाराष्ट्रानं त्यानंतर पाहिलेलं नाही. सभामंडपाच्या वेळी तर बाबांनी रोवलेला खांबच रागानं उपटायला घेतला. रहिवाशाची हरकत म्हणतात ती ही. हल्ली तिच्यासाठी विहित नमुना असतो.

गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या 672 भाडेकरूंकडे नमुन्यातले कागद होते. 2008 साली म्हाडा, सोसायटी आणि विकासक असा पुनर्विकासाचा त्रिपक्षीय करार झाला. माणसं बाहेर पडली, चाळ पडली. विकासकानं चटईक्षेत्र परस्पर दुसऱ्या बिल्डरांना विकलं, असा ईडीचा आरोप. रहिवाशांचं भाडं थकलं. रखडलेलं काम म्हाडानं स्वतः सुरू केलं ते 2022मध्ये. कडेवर बसून चाळ सोडलेल्या पोरांना तोवर मिसरूड फुटलं.

वरळीच्या बीडीडी चाळीत मात्र ऑगस्ट 2025मध्ये पहिल्या 556 चाव्या हातात पडल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 फुटांच्या घरात. तिथं बांधून घेणारी म्हाडाच होती. सरकारनं मनावर घेतलं तर जमतं, ही बातमी सरकारनं फार पसरू देऊ नये. उद्या लोक सगळीकडेच मागतील.

आमची सूचना एवढीच : चाळ रिकामी करून घेणाऱ्या साहेबांनी शेवटचा भाडेकरू परतेपर्यंत त्याच्यासोबत संक्रमण शिबिरात बिऱ्हाड करावं. घरभाडे भत्ता चालू ठेवा, तक्रार नाही. आणि प्रत्यक्ष राहणं जमत नसेल, तर त्या भत्त्यासाठी खेड्यातले नोकरदार मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव कसा मिळवतात, ते आमच्या तालुक्यात येऊन शिकावं. शिकवायला माणसं भरपूर आहेत; फक्त संध्याकाळच्या परभणी गाडीच्या आत यावं.