अणुबॉम्बची वाराई

७ मे २०२५ रोजी देशभर भोंगे वाजवून हवाई हल्ल्याची तालीम झाली. सीमेपलीकडून अणुबॉम्बची धमकी तर वर्षानुवर्षे येतच असते. जुन्नर-आंबेगावकरांनी मात्र निश्चिंत असावे. आपली संरक्षणव्यवस्था, म्हणजे माथाडींची टोळी, केव्हाच सिद्ध आहे.

१९६९चा माथाडी कायदा घाम गाळणाऱ्या पाठीसाठी झाला. पुढे काही तल्लख मंडळींनी घाम आणि मजुरी यांची रीतसर फारकत करून दिली. काही बाजार आवारांत आता वजन भुईकाटा करतो, तोलाई माणसाला मिळते. गाडी हायड्रॉलिकने रिकामी होते, माल उतरवण्याची मजुरी, म्हणजे वाराई, झाडाखालच्या टोळीला मिळते. माथाडीचा बिल्ला मामाकडून भाच्याकडे जातो. श्रमाला एवढी प्रतिष्ठा जगात कुठे नसेल. इथे त्याला कोणी हातसुद्धा लावत नाही.

हीच शिस्त आकाशालाही लावावी. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी वर्दी द्यावी. क्षेपणास्त्र नारायणगावच्या हद्दीत शिरताच फलक दाखवावा : नोंदीत टोळीशिवाय माल उतरवण्यास सक्त मनाई. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे ४,४०० किलोंचा होता. म्हणजे ५० किलोंची ८८ पोती. आधी तशी भरून आणा, मग बोला. तेही जेवणाच्या सुट्टीनंतर. असा कोणता हुकूमशहा आहे, जो मंचरच्या टोळीपुढे तग धरेल?

बॉम्ब आल्या वाटेने परत जाईल. वाराई मात्र लागू राहील. ती नेहमीप्रमाणे ओतूरच्या कांदेवाल्याच्या पट्टीतून कापली जाईल.