एका पानात बसवतो

ठाण्यात टेंभी नाक्यावर उभं राहून ‘बायोडेटा कुठं करून मिळेल?’ असं विचारलं, तर कुणी दुकानाचं नाव सांगणार नाही. दुकानाला नाव आहे, पाटीही आहे. पण पाटीवर कायम कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो, आणि तो उतरतो तोवर दहीहंडी आलेली असते. ‘काकांकडे जा,’ एवढंच उत्तर मिळतं. मग गल्लीत एक झेरॉक्सचं मशीन घरघरताना दिसतं, दोन संगणक, एक लॅमिनेशनचं यंत्र, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीवर लावलेला निळा पडदा आणि पडद्यामागे काकांचा जेवणाचा डबा. काका ही काही टेंभी नाक्याची मक्तेदारी नव्हे. असे काका डोंबिवलीत रामनगरला असतात, कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपास असतात. चेहरे वेगळे, चष्म्याची दोरी तीच आणि वाक्यही तेच: ‘एका पानात बसवतो.’

काका मूळचे टायपिंग इन्स्टिट्यूटमधले. रेमिंग्टनवर इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झालेले. अजूनही कीबोर्डवर बोटं अशी आपटतात की स्पेस बार दर पावसाळ्यात नवा लागतो. वागळे इस्टेटचे चांगले दिवस त्यांनी पाहिलेत. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी ही एक. त्या काळी पोरगा एकच बायोडेटा टाइप करून घ्यायचा, त्याच्या गठ्ठाभर प्रती काढायचा आणि एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक गेटवरच्या वॉचमनच्या हातात एकेक देत दुसऱ्या टोकाला चहा प्यायचा. कंपन्या अनेक, बायोडेटा एक. आता कंपनी एकेकच सापडते आणि तिच्यासाठी बायोडेटा नव्यानं शिवावा लागतो. काकांच्या मते यात कंपन्यांचं नुकसान झालं असेल-नसेल, त्यांचा स्वतःचा धंदा मात्र यावर उभा राहिला.

काकांचं एकच तत्त्व आहे, आणि ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवण्याआधी सांगतात. ‘खोटं लिहिणार नाही. क्रम बदलून देईन.’

हे क्रम बदलणं म्हणजे काय, ते चरईतल्या एका गोविंदाच्या बाबतीत पाहायला मिळालं. पोरगा बारावी पास, एमएस-सीआयटी केलेला, नोकरीचा अनुभव शून्य. काकांनी विचारलं, ‘आणखी काय करतोस?’ पोरगा म्हणाला, ‘पथकात आहे. दुसऱ्या थराला.’ काकांनी चष्मा वर केला. ‘किती वर्षं?’ ‘पाच.’ बस्स. मोबाइल टॉवरच्या कंपनीसाठी ओळ झाली ‘उंचीवरील कामाची सवय’. भिवंडीच्या गोदामासाठी ‘शारीरिक क्षमता उत्तम, वजन पेलण्याचा अनुभव’. ऐरोलीच्या कॉल सेंटरसाठी ‘प्रचंड गोंगाटात सूचना ऐकून त्वरित कृती’. विमा कंपनीसाठी ‘सांघिक काम, ताणाखाली संतुलन’. बँकेसाठी मात्र काकांनी ती ओळ काढूनच टाकली. म्हणाले, ‘बँकवाल्यांना पडणारी माणसं नकोत.’ पोराची आई शेजारी उभी होती. तिला काळजी वेगळीच. ‘काका, हे वाचून ते ह्याला चढायला लावणार नाहीत ना?’

छंद या रकान्यावर काकांचा विशेष राग. ‘वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट’ हे तीन शब्द त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा टाइप केलेत की ते आता एफ-फोर दाबल्यावर आपोआप उमटतात. एका मुलीला त्यांनी नीट बजावलं होतं, वाचन लिहितेस तर एक पुस्तक तरी वाचून जा. ती गेली. मुलाखतीत विचारलं, अलीकडे काय वाचलंत? ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘तुमची जाहिरात.’ तिला नोकरी लागली. काकांचं म्हणणं, तेवढ्या सगळ्या उमेदवारांत जाहिरात पूर्ण वाचलेली ती एकटीच असणार.

पत्ता हा काकांचा खरा हातखंडा. अंधेरीच्या कंपनीला बदलापूरचा उमेदवार नको असतो. रोज उशिरा येणार हे त्यांना लोकलच्या वेळापत्रकाइतकं पाठ. काका बदलापूर लिहितात, नाही असं नाही, पण बारीक अक्षरात. खालच्या ओळीत मोठ्या ठाशीव टायपात ‘ठाणे’ आणि त्याच्यापुढे, डोळे असतील त्यालाच दिसेल असं, ‘जि.’ टिटवाळा, अंबरनाथ, शहापूर सगळे याच वाटेनं ठाणेकर झाले. यात खोटं काय? काहीच नाही. म्हणूनच 1 ऑगस्ट 2014ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा काकांना मनापासून वाईट वाटलं. वसई-विरारची गिऱ्हाइकं एका रात्रीत हातची गेली. ‘सरकारनं जिल्हा तोडताना बायोडेटाचा विचार केला नाही,’ असं ते अजून म्हणतात. खुद्द टेंभी नाक्याच्या पोरांना मात्र ते पत्ता पहिल्या ओळीत, पूर्ण लिहायला लावतात. आनंद आश्रमाच्या दारात शिवसेनेच्या आनंद दिघेसाहेबांसमोर गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांची रांग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. नाक्याचं नाव वाचून मुलाखत घेणारा जरा सावरून बसतो, असा त्यांचा अनुभव आहे.

काकांची कला जिथं चालत नाही ते क्षेत्र म्हणजे सरकार. विहित नमुन्यात क्रम बदलता येत नाही, रकाना गाळता येत नाही, आणि नॉन-क्रीमीलेअरला दुसरा शब्द नाही. पोलीस भरतीचे अर्ज भरताना काकांचा चेहरा उतरलेला असतो. पुरुषाची उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79 आणि फुगवून पाच जास्त. ‘छाती सरकार टेप लावून मोजतं,’ ते हताशपणे म्हणतात, ‘फॉन्ट बदलून वाढत नाही.’

लग्नाचे बायोडेटाही याच संगणकावर होतात आणि त्यातून जे व्हायचं ते एकदा झालंच. एका इंजिनिअरच्या नोकरीच्या अर्जात खालचा अर्धा भाग दुसऱ्या कुणाच्या फाइलमधून चिकटला. अर्ज कंपनीत गेला. ‘अपेक्षा: निर्व्यसनी, सुसंस्कृत, मुंबई-पुण्यात स्वतःचं घर असावं, एकत्र कुटुंब चालेल.’ कंपनीच्या बाईंनी फोन केला. ‘घर आहे, पण भाड्याचं. एकत्र कुटुंब खूप आहे. निर्व्यसनी म्हणाल तर आमचे सेल्स मॅनेजर सोडून.’ त्याला मुलाखतीला बोलावलं, कारण सगळ्यांना त्याला बघायचं होतं. तिकडे ज्या मुलीच्या बायोडेटात ‘नोटीस पीरियड: 60 दिवस’ गेलं, तिच्याकडच्यांनी मात्र काकांशी दोन वर्षं अबोला धरला.

अर्जाच्या डोक्यावर ‘॥ श्री ॥’ हवं की नको, हे दुसरं रणांगण. आयांना हवं असतं, मुलांना नको असतं, आणि छपाईचे पैसे आया देतात. काकांनी यावर फार पूर्वी तोडगा काढला: श्री टाइप करायचं आणि त्याचा रंग पांढरा ठेवायचा. आई समाधानी, कागद स्वच्छ. देव आहे पण दिसत नाही, हे म्हणणं आपल्याकडे कुणाला खटकत नाही. पुढं मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणसाऐवजी सॉफ्टवेअर चाळू लागलं, जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का ते बघू लागलं. मग हुशार पोरं तेच शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरायला लागली. एक पोरगा ही युक्ती काकांना मोठ्या गुपितासारखी सांगायला आला. काकांनी त्याला शांतपणे त्यांच्याकडची जुनी फाइल उघडून दाखवली, सगळा मजकूर निवडला, आणि डोक्यावर निळ्या पट्टीत श्री उजळलं. ‘फक्त एक सांगतो,’ ते म्हणाले, ‘देव लपवला तर चालतो. जावा आणि पायथॉन लपवले, तर मुलाखतीत बाहेर काढून दाखवावे लागतात.’

नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढता काढता काकांना लिओनार्दो दा विंचीची गोष्ट सांगितली, तो दिवस दुकानात अजून आठवला जातो. 1482च्या सुमाराला, तिशीतल्या लिओनार्दोनं मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र धाडलं. सारा मजकूर युद्धाचा: उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, झाकलेले रथ, किल्ल्यांना सुरुंग. आणि अगदी शेवटी, शांततेच्या काळात इमारतीही बांधतो, शिल्पंही करतो आणि हो, चित्रंही काढतो.

‘चित्रकला शेवटी टाकली?’ काका.

‘शेवटी. कारण त्या राजाला लढाया होत्या.’

‘जाहिरात वाचली होती म्हणजे.’

‘आणि त्याच्या जोडीला एक कलम. तुमच्या वडिलांच्या स्मरणार्थ काशाचा घोडा उभारून देईन.’

काकांनी झेरॉक्सचं झाकण उघडंच ठेवलं. ‘मालकाच्या वडिलांचा पुतळा! गुरुजी, हा माणूस टेंभी नाक्यावर उपाशी मेला नसता.’

गुरुजींनी मग आणखी एक सांगितलं. लिओनार्दो डावखुरा, उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा. पण या पत्राचा जो मसुदा आज मिळतो, तो सरळ लिहिलेला आणि दुसऱ्याच कुणाच्या हातचा. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे तिथंही नाक्यावर कुणीतरी बसलेला होता.’ त्या दिवशी गुरुजींकडून त्यांनी प्रतींचे पैसे घेतले नाहीत. हे दुकानाच्या इतिहासात क्वचित घडलंय.

सगळे क्रम काही हसत बदलता येत नाहीत. वागळे इस्टेटमधला एक फिटर आला होता. कंपनी बंद पडलेली, वय बावन्न, एकाच ठिकाणी सत्तावीस वर्षं. सिक्युरिटी सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज. काकांनी लिहिलं, ‘अनुभव: पंधरा वर्षांहून अधिक.’ ते गृहस्थ कागद हातात घेऊन दोनदा वाचून म्हणाले, ‘माझी बारा वर्षं कुठं गेली?’

‘अधिक या शब्दात आहेत,’ काका म्हणाले. ‘सत्तावीस लिहिलं की वय दिसतं.’

‘पण पहिली बारा चांगली होती हो. तेव्हा ओव्हरटाइम होता.’

काकांनी काही न बोलता पुन्हा टाइप केलं. सत्तावीस. दोन्ही प्रती काढल्या आणि म्हणाले, ही द्यायची, ही घरी ठेवायची. पैसे एकाच प्रतीचे घेतले.

हल्ली पोरं चॅटजीपीटीकडून मजकूर करून आणतात, काकांकडे फक्त प्रिंट. काकांना इंग्रजीचा आदर आहे. ते वाचतात आणि मान डोलावतात. परवा अशाच एकाला विचारलं, ‘हा डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड, प्रोअ‍ॅक्टिव्ह कोण?’ पोरगा लाजून म्हणाला, ‘मीच.’ ‘आणि काल आला होता तो?’ ‘तो माझा मित्र.’ ‘तोही हाच होता.’ मग काकांनी त्याला स्टुलावर बसवून विचारलं, आणखी काय करतोस. पोरगा घरचं पाणी भरण्यापासून सांगायला लागला. वडिलांच्या रिक्षाचा हिशेब तोच ठेवतो म्हणाला. काकांचा चष्मा वर गेला.

काकांचा स्वतःचा मुलगा या सगळ्यापासून चार हात लांब राहिलेला. इंजिनिअर झाला, आपले अर्ज आपण करतो, वडिलांना दाखवत नाही. या नवरात्रात, देवीच्या गर्दीपायी रस्ता बंद आणि दुकान रिकामं असताना, काकांना त्याच संगणकावर त्याच्या तीन फाइली सापडल्या. शिक्षणाच्या कर्जाचा जुना अर्ज: ‘वडिलांचा व्यवसाय: झेरॉक्स (लहान दुकान)’. परदेशी कंपनीचा अर्ज, इंग्रजीत: ‘वडील: उद्योजक, दस्तऐवज सल्लागार’. आणि तिसरी, डोक्यावर ढळढळीत ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’: ‘वडिलांचा टेंभी नाक्यावर स्वतःचा छपाईचा व्यवसाय’.

मुलगा मागे येऊन उभा राहिला होता. ‘बाबा, ते आपलं...’

काका तिसऱ्या फाइलवर थांबले होते. चष्मा दोरीनं वर ओढून त्यांनी कर्सर त्या ओळीवर नेला, ‘टेंभी नाका’ ओळीच्या सुरुवातीला आणलं, टाइप ठाशीव केला आणि विचारलं, ‘मावशीचा फोन नंबर दोनदा आलाय. एक काढू? म्हणजे एका पानात बसतं.’