जाणाऱ्याला वाटखर्ची, राहणाऱ्याला खुर्ची

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. गुणवंतांच्या हातात रोप आणि प्रमाणपत्र पडतं आणि पाहुणे माइक घेऊन सांगतात, "कुठंही जा, पण मातीला विसरू नका. शिकून परत या." टाळ्या पडतात. त्या पाहुण्यांना माझं थेट सांगणं आहे, हा उपदेश आता पुरे. सतरा वर्षांच्या पोराच्या देशप्रेमाची परीक्षा घेण्याआधी, ते परत आलं तर इथं त्याला काय काम देणार, ते सांगा.

परदेश लांब राहिला, आपली पोरं आधी पुण्याला जातात. रविवारी रात्री कावळा नाक्यावर उभं राहून बघा. ट्रॅव्हल्सची रांग लागलेली असते. क्लीनर वाकड, हिंजवडी असं ओरडत असतो. एखादी आई कांदा-लसूण चटणीचा डबा पोराच्या सॅकमध्ये स्वतःच्या हातानं घालते, झाकण घट्ट आहे का ते पुन्हा दाबून बघते. वडील गाडी सुटेपर्यंत जागचे हलत नाहीत. यांतल्याच काहींना चार वर्षांनी म्युनिक आणि टोरांटो दिसायला लागतं. सव्वादोनशे किलोमीटरवर ज्यानं घर सोडलं, त्याला पुढचे हजारो किलोमीटर तितके जड जात नाहीत. सुटायचं असतं ते इथूनच, आणि ते सुटलेलं असतं.

जातात का? पगारासाठी, हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत जाऊन या. भट्टीतला लालभडक रस लॅडलमध्ये उतरतो, वाळूच्या साच्यात ओतला जातो, निवल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात आणि घासून साफ करतात. मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग इथून देशभर आणि देशाबाहेरही जातात. काम नंबर एक. पण बहुतेक वेळा ड्रॉइंग येतं बाहेरून. डोकं दुसरीकडं चालतं आणि इथं ओतकाम होतं. मग डिझाइन शिकलेल्या पोरानं इथं करायचं काय? उद्यमनगरात एके काळी म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी हातच्या कसबावर इंजिनं घडवली. त्याच गावातल्या इंजिनिअरला आज स्वतःच्या डोक्यातलं काही घडवायचं असेल तर गाडी पकडावी लागते. हा दोष पोराच्या निष्ठेचा नाही. भांडवल असूनही ज्यांनी डिझाइनचं ऑफिस उघडलं नाही, त्यांच्या हिमतीचा आहे.

'परत या' म्हणणाऱ्यांनी एक इतिहास नीट वाचावा. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठ करून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि शिष्यवृत्तीचा करार पाळायला बडोद्यात नोकरीवर हजर झाले. कचेरीत अपमान झाला आणि गावात राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं. माणूस परत आला होता, पण त्याला घ्यायला समाज तयार नव्हता.

पुढं मार्च १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की, तुम्हाला तुमचा नेता मिळाला. त्या घडीला चळवळीला हा माणूस जागेवर हवा होता. तरीही त्याच वर्षी आंबेडकर अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा महाराजांनी अडवलं नाही. उलट पैशांची मदत केली. १९२२ मध्ये महाराज गेले. आंबेडकर १९२३ मध्ये परतले आणि पुढं काय झालं ते देशाला ठाऊक आहे. ज्याला पाठवलं त्याचं परतणं बघायला पाठवणारा उरला नाही, पण पाठवण्यात चूक झाली असं आज कोण म्हणेल?

याच राजानं २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हणजे जाणाऱ्याला वाटखर्ची आणि राहणाऱ्याला खुर्ची, दोन्ही एकाच दरबारातून. आपण आज दोन्ही हात झाडून मोकळे झालोय आणि वर पोरांना तत्त्वज्ञान सांगतोय.

परतणाऱ्याचं दुसरं उदाहरण बघा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजमध्ये नाव कमावलं आणि १९७२ मध्ये ते भारतात परतले. परतले तेव्हा मुंबईत टीआयएफआर ही संशोधन संस्था उभी होती. पुढं १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी आयुका उभारली. त्यांचा मायदेशाचा ओढा खराच होता. पण त्या ओढ्याला पाय ठेवायला एक संस्था होती, हेही तितकंच खरं.

आता राहणाऱ्यांकडं वळतो. राहणं म्हणजे आपोआप देशसेवा होत नाही. इथं राहून काही न करणारे रग्गड आहेत. पण राहून बदल घडवता येतो याचा पुरावा आपल्याच गावात आहे. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. त्याआधी चंदगडच्या शेतकऱ्याला जमिनीच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. गाडीभाडं, मुक्काम आणि तारीख पडली की पुन्हा तेच. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकं हा प्रश्न लावून धरला. मोर्चे काढले, उपोषणं केली, कामावर बहिष्कार घातला. त्यांतले कित्येक तरुणपणी सामील झाले आणि बेंच आलं तेव्हा म्हातारे झाले होते. बदल असा येतो, आणि त्यासाठी कुणीतरी जागेवर असावं लागतं.

शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलचंही तेच. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले, गाव मागं उभं राहिलं आणि शेवटी टोल गेला. त्याच लढ्यातल्या गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. राहून बदलायला निघालेल्या माणसाला आपण सांभाळू शकलो नाही, हे पोरांनी पाहिलंय. त्यांच्यासमोर त्यागावर भाषण करताना हे आठवावं.

आणि राहणाऱ्या तरुणाला आपण दार तरी कुठलं उघडलं? महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात अठरा वर्षांचं झालेलं पोर आपल्या प्रभागासाठी मत देऊ शकत नव्हतं, मग उभं राहायचं लांबच. मधल्या काळात २०२१ चा महापूर येऊन गेला. पंचगंगेत सांडपाणी मिसळतच राहिलं. नदीचं काम करायला पर्यावरण अभियंता लागतो, पाण्याची पातळी मोजणारा लागतो, नकाशावर पूररेषा वाचणारा आणि ती पाळायला लावणारा लागतो. ही सगळी कामं इथली आहेत, शिकलेल्या पोरांची आहेत, आणि त्यांची भरती करायला कुणाला सुचत नाही.

घरातही तेच चालतं. मुलगा गावातच नोकरी करतो म्हटलं की सोयरिकीची बोलणी थंडावतात. पुण्यात आहे म्हटलं की पाव्हणे चहा घेतात, परदेशात आहे म्हटलं की जेवायला थांबतात. राहिलेल्या पोराला हरलेलं समजायचं आणि गेलेल्याला गावाची ओढ नाही म्हणून बोल लावायचा, हा दुटप्पीपणा आई-बापांनी आणि पाव्हण्यांनी सोडावा.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. एक दार उघडलं, एक आवळलं, आणि या दोन्हींवर कोल्हापूरचा काडीचा ताबा नाही. आपला ताबा आहे तो उद्यमनगरावर, महापालिकेवर, विद्यापीठावर, आपल्या घरातल्या बोलण्यावर.

म्हणून उद्योजकांनो, इंजिनिअरला सुपरवायझरच्या कामावर घेऊन त्याचं डोकं वाया घालवू नका, त्याच्याकडून ड्रॉइंग करून घ्या. नगरसेवकांनो, नदी आणि पूर या विषयांवर शिकलेली माणसं पगारी नेमा. परदेशी गेलेल्यांनो, दिवाळीला शाळेला संगणक पाठवता ते चांगलं करता. आता इथल्या एखाद्या पोराला काम शिकवायला दर आठवड्याला तासभर द्या. आणि पोरांनो, जायचं असेल तर मान वर करून जा, राहायचं असेल तर हक्कानं जागा मागा. मागितल्याशिवाय या गावात कुणाला काही मिळालेलं नाही. बेंचसुद्धा नाही.