माझ्या नंबरावर फिरणाऱ्या अण्णांस

रा. रा. अनोळखी अण्णा, मुक्काम हुबळी (असावा), यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला चांगलाच ओळखतो. तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, रबरी चप्पल, पायांत धरलेला गॅसचा सिलिंडर, उजव्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट, सगळं मी मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करकरून पाहिलं आहे. सरकारनेच तुमचे फोटो माझ्या नावावर जपून ठेवलेत. भाचीच्या नावावर स्कूटर करायला निघालो, तेव्हा एजंट म्हणाला, ‘‘काका, आधी थकलेली चलानं मिटवा की.’’ उघडून बघतो तो प्रत्येक चलानावर तुम्ही. दंड माझा, छबी तुमची.

अण्णा, तुमची स्कूटर लाल आहे. माझी राखाडी. हे लहान पोरालाही दिसतं. खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण त्याला फक्त आकडे वाचायला शिकवलंय. तेही पुरते नाही. तुमच्या पुढच्या पाटीवर खंडेनवमीची झेंडूची माळ लोंबते आहे, वाळून काळी पडलेली. तिचा एक फेरा बरोबर शेवटून दुसऱ्या आकड्यावर येतो. तिथे आठ आहे. डाव्या बाजूवर माळ आली, की आठाचा तीन होतो. आणि तीन म्हणजे मी. धारवाडच्या मालमड्डीत राहणारा, पेन्शनीवर जगणारा, शनिवारी नुग्गीकेरीच्या हनुमंताला जाऊन येणारा मी, तुमच्या माळेच्या कृपेने हुबळीत विनाहेल्मेट हिंडतो आहे. वास्तविक माझी स्कूटर नवलूर ओलांडून पुढे गेलेली नाही. हुबळीला जायचं तर मी चिगरी बसमध्ये बसतो. 2018 पासून तिला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका आहे. या वयात जुन्या पी. बी. रोडवर स्कूटर घालायची हौस मला नाही.

बरं, माझी पाटीही साधीसुधी नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये फर्मान निघालं, की 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवा. मुदत नोव्हेंबरची. मी ऑनलाइन पैसे भरले, तारीख घेतली, ॲल्युमिनियमची पाटी बसवून आलो: अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, पुन्हा न निघणारं कुलूप. मग मुदत फेब्रुवारीपर्यंत गेली, मग मेपर्यंत, मग सप्टेंबरपर्यंत, आणि पुढेही जातच राहिली. तुम्ही शहाणे. तुमच्या पाटीवर अजून पेंटरच्या हातचे आकडे आहेत आणि कोपऱ्यात सिनेमातल्या अप्पूचा हसरा स्टिकर. या देशात नंबराची चोरी होऊ नये म्हणून मी कुलूप लावलं, आणि नंबर माळेखालून निघून गेला.

आता खरं दुखणं सांगतो. तुम्ही हेल्मेट घातलं नाही, याचा मला राग नाही. दंडाचाही नाही. कायद्यात 2019 पासून विनाहेल्मेटला हजार रुपये. कर्नाटकाने त्याच वर्षी दयाळू होऊन पाचशे केले. त्यातही अधूनमधून सवलतीचा हंगाम येतो. 2023 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा निम्मा दंड माफ झाला, आणि अकरा तारखेच्या आत भरायला लोकांनी रांगा लावल्या. मग मार्चमध्ये, मग त्याच वर्षी पावसाळ्यात, मग 2025 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. ज्याने चलान आल्या दिवशी पाचशे भरले तो मूर्ख, आणि ज्याने धूळ खात पडू दिलं त्याला अर्धं माफ, हा हिशेब तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केव्हाच शिकून घेतलाय. ते सोडा.

मी अशाच एका हंगामात काउंटरवर गेलो. सोबत आरसीची झेरॉक्स, स्कूटरचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, पाटीचा क्लोजअप. आतल्या गृहस्थाने तुमचा फोटो पाहिला, माझा पाहिला, पुन्हा तुमचा पाहिला. भला माणूस. म्हणाला, ‘‘ही तुमची नाही, दिसतंयच की.’’ मला वाटलं, संपलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर ‘भरा’ असं एक बटण होतं. ‘ही याची नाही’ असं बटण नव्हतं. वर अर्ज द्या, म्हणाला. वर गेलो. तिथे म्हणाले, हे प्रकरण कोर्टात गेलेलं दिसतंय, आता आमच्या हातात नाही. खाली आलो. तेव्हा त्या भल्या माणसाने अगदी कळवळून सांगितलं, ‘‘अर्धाच ऐतरी सर, कट्टिबिडरी.’’ अर्धाच आहे, भरून सोडा. मागच्या रांगेनेही माना डोलावल्या. एजंट भरून सोडा म्हणतो, शेजारी भरून सोडा म्हणतात, भाची म्हणते, मामा, मीच भरते. सगळ्या जगाला मान्य आहे की स्कूटर माझी नाही, आणि सगळ्या जगाचं म्हणणं आहे की पैसे मी भरावेत.

अण्णा, न केलेल्या गुन्ह्यावर पन्नास टक्के सूट! कबुलीचा भाव चलानामागे अडीचशे रुपये, आणि नाकबुलीचा? नाकबुलीला वकील लागतो, प्रतिज्ञापत्राचा कागद लागतो, हुबळीच्या विद्यानगरातल्या त्या 2018 साली उघडलेल्या भल्या थोरल्या कोर्टाच्या इमारतीत नाव पुकारेपर्यंत बसायला लागतं. ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘तुमचं खरं आहे. पण परवडतंय का बघा.’’ लोकअदालतीत मिटवा, असंही कुणी सुचवलं. तिथला निवाडा अंतिम, 1987 च्या कायद्यानं त्यावर अपील नाही. म्हणजे मी विनाहेल्मेट हुबळीभर हिंडलो हे कायमचं ठरून जाणार. हायकोर्टाचं कायम पीठ 2013 पासून धारवाडात आहे म्हणून आम्ही मिरवतो. त्याचा काय उपयोग? शिवाय लोकअदालत म्हणजे दोन पक्षांची तडजोड. दुसरा पक्ष खरं तर तुम्ही असायला हवा. तुम्ही कुठे आहात?

नियम तसे चांगलेच आहेत हो. 2021 साली घातलेला नियम 167-अ म्हणतो, की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत धाडावी आणि फोटोत गुन्हा व नंबरपाटी दोन्ही दिसावीत. माझ्यापर्यंत नोटीस आली नाही. फोटोत तुमचा गुन्हा दिसतो, तुमची पाटी दिसते, फक्त मी दिसत नाही. एवढ्याशा त्रुटीवरून काय अडायचं, असा सगळ्यांचा सूर.

आणि या पत्राचं कारण म्हणाल तर कलम 133. गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव आणि पत्ता पोलिसांनी मागितला तर मालकाने द्यायचा, असं मोटार वाहन कायदा सांगतो. उद्या मला विचारलं तर मी काय सांगू? निळा शर्ट, रबरी चप्पल? तेव्हा कृपा करून आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि लाल स्कूटरचा खरा नंबर, माळ बाजूला सारून, कळवावा.

इथपर्यंत लिहिलं आणि तुमचा शेवटचा फोटो पुन्हा काढून बघितला. त्यात पाऊस आहे. तुम्ही डोक्याला दुकानातली प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी तुमच्या पाठीला चिकटून बसली आहे, दप्तर ओलं होऊ नये म्हणून पोटाशी धरलेलं. पुढच्या चाकाखाली पाणी आहे आणि पाण्याखाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुमचे दोन्ही पाय जमिनीवर. कॅमेऱ्याने तुमचं डोकं मोजलं. तो खड्डा मोजणारा कॅमेरा कुठल्या खांबावर आहे? चन्नम्मा सर्कलच्या उड्डाणपुलाच्या कामावरून 2024 च्या सप्टेंबरात लोखंडी सळई खाली आली, खालून जाणाऱ्या एका पोलीस एएसआयच्या डोक्याला लागली आणि त्यात तो बिचारा गेला. वरून सळई सुटतेय हे कुठल्या कॅमेऱ्याने वाचलं? रस्त्याने जाणाऱ्याचं डोकं एवढं मोलाचं असेल तर त्यावर काय काय पडतं तेही बघा की! ते नाही बघायचं. पाटी बघायची, तीही माळेसकट.

तम्मा, तू माझ्यापेक्षा बराच लहान दिसतोस, तेव्हा अहो-जाहो पुरे. हेल्मेट आहे ना तुझ्याकडे? मग ते आरशाला कशाला घालतोस? आरशाचं डोकं फुटणार आहे का? आणि त्या पोरीलाही घे एक. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं, ते पाचशेसाठी म्हणून नाही. माळ काढली नाहीस तरी चालेल; एवीतेवी पुढच्या खंडेनवमीला नवी घालणारच, आणि तेव्हा आठाचा तीन होईल की शून्य, म्हणजे माझी पाळी की आणखी कुणाची, ते झेंडूवर अवलंबून.

मी पैसे भरलेले नाहीत. व्हर्च्युअल कोर्टाच्या पानावर दोन पर्याय असतात: दंड भरायचाय, किंवा खटला लढवायचाय. भाचीने पहिल्यावर बोट नेलं होतं. मी दुसरा दाबला. आता प्रकरण नेहमीच्या कोर्टात जाईल, स्कूटर भाचीच्या नावावर होणं लांबेल, आणि घरचे माझ्याशी जरा तुटकपणे बोलतायत. तारीख पडली की तुला कळवतो. कुठे कळवू, ते तेवढं सांग.

तुझा, शेवटून दुसऱ्या आकड्याने फसलेला,

एक धारवाडकर काका